दांडिया बाजारचे रंग, भायलीचं घर

जुनं घर म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे तपकिरी रंगच का येतो? बडोद्याजवळच्या भायलीच्या फ्लॅटचा ताबा मिळाला आणि मला घर जुन्या वळणाचं, रंगीत हवंय असं सांगितलं, तेव्हा इंटीरियरवाल्या मुलीने लॅपटॉपवर जे फोटो दाखवले ते सगळे चहात बुडवून काढल्यासारखे होते. पिवळट भिंती, काळपट लाकूड, आणि जुनेपणा दिसावा म्हणून मुद्दाम घासून रंग उडवलेली पांढरी कपाटं. मुलगी कामात चोख होती, तिचं काही चुकत होतं असं नाही. पण मी ज्या जुन्या घरात वाढले ते असं नव्हतं. ते भडक होतं, आणि तेच भडकपण मला हवं होतं.

बडोद्याच्या दांडिया बाजारात, सूरसागर तलावापासून हाकेच्या अंतरावर माझ्या आजोबांचं घर होतं. दिवाणखान्याच्या भिंती पोपटी. त्यांना कमरेइतक्या उंचीपर्यंत गडद हिरव्या ऑइलपेंटचा पट्टा, आणि हे दोन रंग जिथे भेटत तिथे बोटभर रुंदीची काळी रेघ. त्या पट्ट्याला कारण होतं. माणसं सतरंजीवर बसायची, भिंतीला टेकायची, डोक्याचं तेल भिंतीला लागायचं. ऑइलपेंट ओल्या फडक्याने पुसता येतो, डिस्टेंपर पुसायला गेलं तर फडक्याबरोबर निघून येतो. माजघरात लाल कोबा, पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांनी गुळगुळीत झालेला. देवळ्या आतून गुलाबी. दारं निळी, चौकटीला पिवळी किनार. खिडक्यांच्या वरच्या अर्धगोलात लाल, निळ्या, हिरव्या काचा. दुपारी ऊन कललं की त्यांतून रंग खाली उतरायचे आणि आजी गहू निवडत बसलेली असली की तिच्या ताटातल्या गव्हांवरून लाल पट्टा हळूहळू सरकत जायचा.

त्याच दिवाणखान्यात आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटो होता. फोटो काळा-पांढरा, पण स्टुडिओवाल्याने त्यावर ब्रशने रंग भरलेले. गाल गुलाबी, फेट्याला केशरी, दागिन्यांना सोनेरी ठिपके, शालू जांभळा. आजी शेवटपर्यंत म्हणायची, "शालू हिरवा होता गं माझा, ह्या मेल्याने जांभळा केला." त्या माणसाला शालूचा खरा रंग माहीत नव्हता, पण काळ्या-पांढऱ्यावर थांबणं त्याला मंजूर नव्हतं. त्या काळाची नजर मला ह्या एका फोटोत सगळी दिसते.

मग हा तपकिरी आला कुठून? तो वयाचा रंग आहे. चित्रांवर दिलेलं व्हार्निश वर्षांनुवर्षं पिवळं पडत जातं आणि खालचं निळं आभाळही मातकट दिसू लागतं. समईची काजळी, उदबत्तीचा धूर, स्वयंपाकघरातली वाफ, सगळं भिंतीवर बसतं. ऊन तर रंग खातंच. दुकानाच्या दारात उन्हाला टांगलेलं छापील कॅलेंडर पाहा: लाल आणि पिवळा आधी उडतात, मागे निळसर सावली तेवढी राहते. गेरू, पिवडी, कोब्यातला लाल ह्यांचं मात्र तसं होत नाही. ते लोखंडाच्या गंजाचे रंग. जेवढं गंजायचं तेवढं ते आधीच गंजलेलं असतं, ऊन त्यांचं आणखी काय बिघडवणार? म्हणून जुन्या घरात वरचं चित्र फिकटलेलं असतं आणि पायाखालचा कोबा मात्र लालभडक. आपण ते झिजलेलं रूप पाहतो, त्यालाच मूळ समजतो आणि नव्या भिंती त्या झिजेच्या रंगात रंगवतो. ज्यांनी हौसेने पोपटी आणि गुलाबी निवडला होता त्या माणसांवर हा अन्यायच आहे, असं मला मनापासून वाटतं.

निदान बडोद्यात तरी हे कुणाला पटवून द्यावं लागू नये. टी. माधवराव दिवाण असताना, 1881 च्या सुमारास राजा रविवर्मा पहिल्यांदा इथे आले. पुढे सयाजीराव महाराजांनी त्यांच्याकडून पुराणांतल्या विषयांची 14 चित्रं करवून घेतली. लक्ष्मीविलास राजवाडा उभा राहत होता तेच हे दिवस. 1894 मध्ये रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला, तो नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि राजवाड्यातले रंग चाळीतल्या भिंतीवर आले. दगडावरची छपाई ती. एकेका रंगाला वेगळा दगड, एकाच कागदावर एकामागून एक ठसे, जरा हलला की लक्ष्मीचे ओठ गालावर जायचे. एवढे रंग छापून आलेलेही घरातल्या बायकांना पुरत नसत. त्या चित्रातल्या देवीच्या पदराला खरी जर लावायच्या, टिकल्या शिवायच्या. माझ्या पणजीने सजवलेली तशी एक सरस्वती आमच्याकडे आहे. काचेच्या आत तिच्या वीणेला बारीक मोती आहेत आणि पदरावरची जर काळी पडली आहे. मी ती काढून चकचकीत करणार नाही, पण तिच्या मागची भिंत मात्र गुलाबी केली, देवळीत असायची तशी.

रंगकाम सुरू व्हायच्या आधी मी लेकीला तांबेकर वाड्यात घेऊन गेले. भाऊ तांबेकर 1849 ते 1854 बडोद्याचे दिवाण होते, त्यांचा हा वाडा. आता पुरातत्त्व खात्याकडे आहे. दांडिया बाजारातल्या रहदारीतून आत शिरलं, लाकडी जिना चढून वर गेलं, की भिंतीच दिसत नाहीत, चित्रंच दिसतात. महाभारत, कृष्णलीला, इंग्रज-मराठ्यांची लढाई, सगळं शेजारी शेजारी. बडोद्यातल्या कितीतरी मराठी माणसांनी तो आतून पाहिलेला नसतो, आणि हे ऐकलं की मला वाईट वाटतं. लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, एवढ्या गर्दीत ह्यांना झोप कशी लागायची?"

तिच्या प्रश्नामुळे मी परत नीट पाहिलं. गर्दी आहे, पण गोंधळ नाही. प्रत्येक चित्राला चौकट आखलेली आहे, चौकटीला किनार आहे, आणि एका किनारीपासून दुसरीपर्यंत डोळ्याला विसावा मिळतो. आजोबांच्या दिवाणखान्यातली ती बोटभर काळी रेघही हेच काम करत होती. निळ्या दाराची पिवळी किनार हेच. जुन्या लाद्यांच्या जमिनीतही मधे नक्षी कितीही गजबजलेली असो, भिंतीलगत चारी बाजूंनी वेगळ्या नक्षीच्या किनारीची रांग फिरतेच. किनार सोडली तर पोपटी आणि गुलाबी एकमेकांशी भांडतात. किनार दिली की दोघंही आपापल्या जागी शोभतात. रंगीत घर करायला निघालेल्या कुणालाही मला एवढं एकच सांगावंसं वाटतं, की शेड कार्डाच्या आधी किनारींचा विचार करा.

आमच्या रंगारीभाईंना पहिल्या दिवशी हे पटलं नव्हतं. गडद हिरव्याचा डबा उघडून ते म्हणाले, "बेन, आटलो डार्क कलर? घर नानुं लागशे." छोट्या खोलीत गडद रंग नको, हे सगळ्यांना पाठ असतं. पण गडद रंग खाली कमरेइतकाच ठेवला आणि वर उजळ दिला, तर भिंत उंच वाटते. ते मी त्यांना बोलून पटवलं नाही, एका भिंतीवर करून पाहू म्हटलं. रेघेची वेळ आली तेव्हा मी टेप चिकटवायला सांगितली. त्यांनी टेप बाजूला ठेवली. सुतळी निळीत बुडवून भिंतीवर ताणली, टणत्कार करून सोडली, निळी सरळ खूण उमटली आणि त्या खुणेवरून श्वास रोखून बारीक ब्रशने काळी रेघ ओढत गेले. त्यांच्या वडिलांनी मंगळ बाजारातल्या दुकानांच्या भिंतींवर अशा रेघा ओढलेल्या होत्या, हे तेव्हा कळलं. ती रेघ दोन ठिकाणी केसभर जाड झाली आहे. घरात येणाऱ्या प्रत्येकाला मी ती जागा दाखवते, कारण तिथे हात दिसतो.

आता रंग मिळवले कसे, ते. आजोबांचं घर विकलं गेलं, तिथे आता दुसरं काही उभं राहील. किल्ल्या द्यायच्या आधी मी आणि चुलतभाऊ ब्लेड घेऊन गेलो आणि दाराआड, जिथे ऊन कधी पोचलं नव्हतं, तिथला रंग हलक्या हाताने खरवडला. वर क्रीम. त्याखाली फिका निळा, त्याखाली माझ्या लहानपणीचा पोपटी, त्याखाली आणखी एक हिरवा, मग पिवडी, आणि तळाला चुन्याची सफेदी. रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत घराचं सगळं वय मांडलेलं होतं. माझे वडील शेजारी उभे होते. पिवडीवर बोट ठेवून म्हणाले, "हा माझ्या मुंजीतला."

ते पोपडे मी डबीत भरून आणले. रंगाच्या दुकानात आता यंत्र असतं, त्याखाली तुकडा धरला की ते रंग मोजतं आणि बरोबरीची शेड मिसळून देतं. फक्त एक पथ्य आहे. ऑइलपेंटमधलं जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं आणि उजेडात ठेवलं की बरंचसं परत उजळतं. म्हणून दाराआडचा ऑइलपेंटचा पोपडा लगेच यंत्राखाली धरायचा नाही, काही दिवस खिडकीशी ठेवायचा आणि मग न्यायचा. दुकानदाराला हे माहीत नव्हतं. आमच्या हॉलचा पोपटी असा दांडिया बाजारातून आलेला आहे.

चुन्याची सफेदी मात्र फ्लॅटमध्ये हॉलला देता आली नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, त्याला पाणी शोषून घेणारं प्लास्टर लागतं. पुट्टी आणि प्रायमर मारलेल्या भिंतीवर तो धरत नाही, झडतो. बाल्कनीची एक भिंत खरवडून तिथे चुना दिला, त्यात नीळ. चुना तीव्र क्षारी असतो, त्यात सगळे रंग टिकत नाहीत, पण अल्ट्रामरीन नीळ टिकते. पहिला हात ओला असताना पाणीदार, अगदी नसल्यासारखा दिसतो. वाळला की आतून उजेड यावा तसा निळा होतो. प्लास्टिक पेंटमध्ये हा निळा मिळत नाही, कितीही महागडा डबा आणा.

बिल्डरच्या पांढऱ्या टाइल्स आम्ही उखडल्या नाहीत. चांगल्या फरश्या फोडून ढिगारा करणं मला जिवावर येतं. दारातून आत आल्यावरच्या पट्ट्यात तेवढ्या सिमेंटच्या नक्षीच्या लाद्या घातल्या. ह्या लाद्या भट्टीत भाजत नाहीत. साच्यात पितळी पट्ट्यांची जाळी ठेवतात, तिच्या एकेका खणात एकेक रंगाचं पातळ सिमेंट ओततात, जाळी अलगद उचलतात, वरून कोरडं सिमेंट-वाळू पसरून प्रेसखाली दाबतात आणि मग पाण्यात मुरवतात. रंगाचा थर काही मिलिमीटर जाड असतो, म्हणून शंभर वर्षं चालूनही नक्षी जात नाही. पण सिमेंटला आंबटाचं वावडं. लिंबू, चिंच, संडास धुवायचं ॲसिड, काहीही सांडलं की डाग कोरला जातो. रोज साधं पाणी, आणि अधूनमधून फडक्यावर खोबरेल तेलाचा थेंब, एवढं पुरे. वापराने त्यांना जी चमक येते ती विकत मिळत नाही.

फर्निचरसाठी आम्ही संखेड्याला गेलो. ओरसंगच्या काठचं हे गाव बडोद्यापासून तास-दीड तासाच्या वाटेवर. बडोदेकरांच्या घरी संखेड्याचा हिंचका किंवा निदान एक पाळणा असतोच, त्यामुळे आपण त्याच्याकडे कधी नीट पाहतच नाही. मी कारागिरांपाशी बसून पाहिलं. सागाचा पाय चरकावर फिरत असतो. रंग दिल्यावर त्यावर नक्षी काढतात ती कथलाची. कथील कुटून, सरसात खलून केलेली लापशी खारीच्या केसांच्या बारीक ब्रशने लावतात. तेव्हा ती राखाडी, निर्जीव दिसते. मग अकीकाचा दगड तिच्यावर घासला की नक्षी चांदीची होते. शेवटी लाखेचा हात. लाखेचा स्वतःचा रंग मधाळ, त्यामुळे तिच्याखालची चांदी बघता बघता सोन्याची होते. पाय चरकावर फिरतोय, लाख उबेने वितळतेय आणि कारागीर केवड्याचं पान दाबून ती सगळीकडे सारखी पसरवतोय. सोन्याचा कणही न वापरता सोनं! मी तिथून उठायला तयार नव्हते, नवऱ्याने दोनदा घड्याळ दाखवलं.

आता तिथे निळ्या, हिरव्या, हस्तिदंती, काळ्या रंगातही माल होतो. मी पारंपरिक मरून सांगितला. सासूबाईंना हिरवा हवा होता. त्यांचं म्हणणं, "मरून सगळ्यांकडेच असतो." मी म्हटलं, "आई, सगळ्यांकडे असायचा. आता किती जणांकडे राहिलाय?" त्या विचारात पडल्या. हिंचका मरून ठरला, आणि त्यांच्या खोलीतल्या दोन खुर्च्या हिरव्या. हॉलच्या स्लॅबमध्ये हिंचक्यासाठी हूक आमच्या बिल्डरने आधीच सोडलेले होते. नसतील तर नुसत्या ड्रिलच्या भरवशावर माणसं टांगू नका, इंजिनियरला दाखवा.

दिवे बदलल्याशिवाय ह्यातलं काहीच दिसलं नसतं. घरात मिळालेले सगळे एलईडी पांढरेफटक होते, 6500 केल्विनचे. त्या उजेडात मरून काळा दिसतो आणि गुलाबीची राख होते. 2700 चे, पिवळसर उजेडाचे लावले आणि संखेड्याच्या पायावरची वेल जागी झाली. आजोळाहून आलेली निळ्या काचेची हंडी आहे, तिच्यातली वायर मात्र पूर्ण नवी केली. कापडात गुंडाळलेली जुनी वायर दिसायला छान असते, पण तिच्याशी खेळ नको.

वखारींबद्दल लिहायचं की नाही, ह्याचा मी बराच विचार केला. शहरात जुन्या लाकडाच्या वखारी आहेत, तिथे कोरीव खांब, तोरणाची कमान, तुळईखालचे घोडे, दारं मिळतात. पहिल्या भेटीत हरखून गेले. मग एका खांबावर खिळा दिसला, खिळ्याला पंचांगाची दोरी अजून बांधलेली. कुणीतरी रोज सकाळी तिथे तिथी पाहत असणार. आपण विकत घेतो तेव्हा वाडे पाडायला आपण थोडा हातभार लावतो का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला आहे. वाडा टिकवणं सोपं नाही हे मला ठाऊक आहे. वारस चाळीस दिशांना, दुरुस्तीला सागवान परवडत नाही, गल्लीत गाडी शिरत नाही. आमचंही घर आम्ही विकलंच. म्हणून मी कुणाला दोष देत नाही. पण उभ्या घरातून उचकटून आणलेली वस्तू घ्यायची नाही, हे मी ठरवलं. प्रत्येक वेळी विचारते, हे कुठून आलं? उत्तर मिळालं नाही तर परत ठेवते. रंगीत काचांची जी झडप आमच्या हॉलमध्ये बसवली ती आमच्याच घराची आहे. सुताराने तिला नवी चौकट केली आणि पश्चिमेच्या खिडकीच्या आत बसवली.

आणि ज्यांना वाडा वाचवता येत नाही, त्यांच्याकडे एक मागणं आहे. बडोद्यात, ग्वाल्हेरला, इंदुरात, जिथे जिथे आपली जुनी घरं आहेत तिथल्या सगळ्यांकडे. फोटो तर सगळेच काढतात. त्याबरोबर प्रत्येक खोलीतल्या दाराआडचा रंग खरवडून त्याचे पोपडे कागदाच्या पुडीत घाला. पुडीवर खोलीचं नाव लिहा: ओटी, माजघर, बाळंतिणीची खोली. भिंत कुठल्या दिशेची तेही लिहा. लाद्यांची एक अख्खी नक्षी, किनारीसकट, मोजपट्टी शेजारी ठेवून कागदावर उतरवून घ्या. घरातल्या वयस्क माणसाला जवळ उभं करून विचारा, हा रंग कधीचा. ते सांगतील ते पुडीच्या मागे लिहा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि जेसीबी आल्यावर ते करता येत नाही.